झाकणावरच्या सतरा रेघा

धान्याच्या जुन्या कोठारात आहे आमच्या गावाचं संग्रहालय,
उन्हाळ्यात आठवड्यातून तीन दिवस उघडं,
हिवाळ्यात किल्ली औनेकडे मागायची.
औने राउतियो, वय चौऱ्याहत्तर,
तिकिटं तीच फाडते, जळमटं तीच काढते,
आणि तीस वर्षं एकच गोष्ट सांगते
डांबराच्या पिंपाच्या झाकणापाशी थांबून:
"मोजा मुलांनो. सतरा रेघा.
एका नावाड्यानं सतरा वेळा
खळाळांतून डांबर समुद्रापर्यंत नेलं.
अठरावी रेघ मारायला तो परत आला नाही."

इथे ती थांबते. मोजून तीन श्वास.
सहावीत असताना मी त्या थांबण्यात रडले होते.
आता सहावीला इतिहास मीच शिकवते
आणि दर मे महिन्यात
नवी मुलं त्याच थांब्यावर आणून उतरवते.

यंदा ओउलूहून ओस्मो आला,
दोन दिवे, एक कॅमेरा, पालिकेचं पत्र घेऊन.
आधी त्यानं औनेचा आवाज भरून घेतला.
बटण दाबलं की ती ऐकू येते आता,
तीन श्वासांसकट.
मग झाकण काळ्या कापडावर निजवलं
आणि दिवा धरला अगदी लाकडालगत, आडवा,
मावळतीचं ऊन नांगरटीवर पडतं तसा,
की ढेकळालाही सावली फुटावी.

पडद्यावर रेघा उठून आल्या.
सतराच, पण दोन ओळींत.
वरच्या ओळीआधी के हे अक्षर, खालच्या ओळीआधी एम.
के समोर सात, एम समोर दहा,
कोपऱ्यात चाकूनं कोरलेलं एक इस्पिक,
किंवा उलटा बदाम.

"हा तर पत्त्यांचा डाव!" मागून कोणीतरी म्हणालं.
आणि माझा वर्ग, जो त्या खळाळात कधी बुडालाच नव्हता,
हसत सुटला, झाकणाभोवती गोळा झाला.
पैज कशाची होती? के चिडला असेल?
हरल्यावर पुन्हा खेळायचं कोण म्हणालं?
वर्षानुवर्षांत एवढे प्रश्न मला कोणी विचारले नव्हते.

औने खुर्चीत बसली.
तिचा नावाडी आमच्यादेखत दुसऱ्यांदा बुडाला होता.

टॅबलेटवर चर्चच्या जुन्या वह्यांचे फोटो आहेत.
ते वळणदार अक्षर मलाही धड लागत नाही,
हिबाकनं यंत्राकडून लावून घेतलं.
(दोन वर्षांपूर्वी ती गावात आली,
आमच्या थंडीला अजून नावं ठेवते.)
त्या घराचा मालक कुस्टा. त्याला सहा ओळी:
जमीन, लग्न, तीन मुलगे, एक खटला.
त्याच पानाच्या तळाशी मोलकरीण मार्गेटा.
जन्मली. कामाला लागली. गेली.
"म्हणजे मालकाला हरवलं तिनं," हिबाक म्हणाली,
"दहा वेळा!"

खात्री नाही, मी म्हटलं.
एम म्हणजे मात्ती असेल, मिक्को असेल,
यंत्र अक्षर लावतं, माणूस लावत नाही.
फळ्यावर मी मोठं प्रश्नचिन्ह काढलं.
पण खरं सांगते, काढता काढताच
त्याच्या डोक्याला मी मनातल्या मनात
रुमाल बांधून टाकला होता.

आवाज पुन्हा भरायला पालिकेकडे यंदा पैसे नाहीत.
म्हणून बटण दाबलं की तो नावाडी अजून निघतो,
सतरा वेळा जातो, सतरा वेळा येतो,
अठराव्यांदा येत नाही.
आणि मग त्या तीन श्वासांच्या मोकळ्या जागेत
खरीखुरी औने पुढे सरकते,
"तिचं नका ऐकू," म्हणते,
"तिला अजून कोणी सांगितलेलं नाही,"
आणि एप्रनच्या खिशातून पत्ते काढून
पिसायला लागते.